बारापर्यंत बोंबील तळायचे नाहीत

मानपाडा, डोंबिवली पूर्व
१ डिसेंबर २०२४, रविवार

सौ. कमळास,

नवऱ्याने बायकोला लिहिताना वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. पण रागाने माहेरी गेलेल्या बाईला आशीर्वाद दिले तर ती पुढचं न वाचताच कागद फाडते. म्हणून ते राहू दे.

फोन केला तर तू रडतेस, मी ओरडतो, आणि मध्येच तुझा भाऊ पोपट फोन हिसकावून घेतो नि "दाजी, आता बास" म्हणतो. कागदावर मला कुणी तोडत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटली, पुढचं सगळं पुडीचे कागद वाचून शिकलो, हे तुला ठाऊकच आहे. अक्षर वाकडं आहे. म्हणणं सरळ आहे.

म्हणणं असं, की मी माफी मागणार नाही.

तू म्हणालीस, घराण्याची अब्रू गल्लीत मांडली. मांडली. भर सकाळी, इस्त्रीचा सदरा घालून, एकेका दाराशी उभा राहून मांडली. पहिला गंगुबाईकडे गेलो. म्हटलं, "गंगे, आमच्या सुनेला दिवस गेलेत. तीन महिने भरले नाहीत, तरी सांगतो. तिला लहानपणापासून आकडीचा आजार आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. पोटात घोटभर पाणी टिकत नाही. तळणाचा वास आला की ओकारी येते, गोळी बाहेर पडते. गोळी पडली की आकडीची भीती. तर या गल्लीत बारापर्यंत बोंबील तळायचे नाहीत."

गंगुबाईने कमरेवर हात ठेवले.

"येरा झाला का रं तू काळुराम? आगऱ्यांच्या गल्लीत बोंबील बंद?"

"बंद नाय. बारापर्यंत."

"आन् आमच्या पोराचा डबा?"

"अंडी दे."

"अंड्याला काय गुलाबाचा वास येतो?"

मग आम्ही दोघं उंबऱ्यात उभी राहून कशाला वास येतो नि कशाला येत नाही यावर भांडलो. पलीकडच्या माडीवरून दोघी-तिघी वाकून ऐकत होत्या, म्हणजे पुढच्या दारांना जायची माझी मेहनत वाचली. शेवटी गंगुबाई म्हणाली, "देते भाकर नि चटणी. बोंबलेल मेला, बोंबलू दे." आणि मी वळलो तशी मागून, "पोरगी काय खाते ते सांग, कनाला उपाशी ठेवता तिला?"

अब्रू गेली ती एवढीच. तू त्याच दुपारी पिशवी भरून कळव्याला गेलीस.

आपलं भांडण गल्लीवरून नाही, हे तुलाही कळतं. तीन महिने भरेपर्यंत तोंड शिवून ठेवायचं, नजर लागते, ही रीत तुझ्या आईची तशी माझ्या आईचीही. पण ती शेजारणींसाठी होती गं, डॉक्टरसाठी नव्हती. पोर दिवसभर बादलीला तोंड लावून बसलेली, आणि तू तिला नाक्यावरच्या दवाखान्यात नेऊन काय सांगितलंस? "पित्त झालंय." का, तर औषधाच्या खिडकीत जगन बसतो, जगन आपल्या भावकीतला, त्याला कळलं की दिवे लागायच्या आत सगळ्या मानपाड्याला कळणार. डॉक्टरने पित्ताचं औषध दिलं. पोटुशी आहे हे त्याला माहीत नाही, आकडीचं माहीत नाही. आणि घरी आल्यावर तू तिला म्हणालीस, "तशीही गोळी पडतेच आहे, मग राहू दे. पोटातल्या जिवाला बाधायची." तिच्या मनातही तीच भीती होती. सासूने बोलून दाखवली, तिने ऐकलं. गोळी थांबली.

आणि त्याच आठवड्यात, मी दारोदार फिरायच्या आधी, ती मोरीपाशी आडवी झाली.

तू चप्पल हुंगवायला धावलीस. ती चप्पल मी तुझ्या हातातून घेऊन अंगणात भिरकावली, पोरीला कुशीवर वळवलं नि डोक्याखाली टॉवेल घातला. ते सगळं कुणी बघितलं नसतं तर आज तू इथेच असतीस, हे मला कळतं. पण बघितलं म्हणून रिक्षा मिळाली, कमळा. शेजारच्यानेच आणली.

— काळुराम


१२ डिसेंबर २०२४, गुरुवार

सौ. कमळास,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पत्र मिळालं एवढं कळलं, कारण पोपटाने मितेशला फोन करून "तुझ्या बापाला लिहायचा नाद लागलाय" असं सांगितलं.

तर ऐक. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने आपल्या मितेशएवढ्या आहेत, पण आवाज तुझ्या आत्यासारखा. पहिला प्रश्न: "गोळी बंद कुणी केली?" मितेश छताकडे बघायला लागला. तो छतच बघतो, लग्नाआधीपासून. कल्पिता म्हणाली, "मी केली." तुझं नाव घेतलं नाही तिने. मी घेणार होतो, तिने माझ्या पायावर पाय दिला.

बाई म्हणाल्या, ही गोळी बाळाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरी आहे, बघूनच दिलेली आहे. भीती आहे ती आकडीची. आई पडली, तिचा श्वास कोंडला, तर बाळाचाही कोंडतो. गोळी कमी करायची, वाढवायची, बदलायची, ते मी ठरवीन, घरातल्या कुणीही नाही. आणि हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच तो "कुणीही". उलटी थांबायची वेगळी गोळी दिली आहे. ती आधी, पोट जरा निवलं की आकडीची. पडली तर मनाने दुसरी द्यायची नाही, फोन करून विचारायचं.

म्हणून आता घर असं चालतं. उठायच्या आधी, डोकं उशीवर असतानाच, तिने मूठभर कोरडे कुरमुरे चावायचे. मग ती गोळी. मग पडून राहायचं आणि मी दारात खुर्ची टाकून बसायचं, कुणी आत येऊन "कसं वाटतंय" विचारू नये म्हणून. तेवढ्या प्रश्नानेही तिला उमळून येतं. मग आकडीची गोळी, बर्फाच्या खड्याबरोबर. ती गेली की टिकते का म्हणून मी घड्याळाकडे बघतो नि पोर भिंतीकडे.

जेवण सगळं गार. भाताची वाफ तिला सोसत नाही, म्हणून पेज करून फ्रिजमध्ये ठेवतो. फोडणी बंद. माझा तंबाखू अंगणात, आणि चूळ भरल्याशिवाय मला आत प्रवेश नाही. मितेशने सेंट सोडलं. देवाची अगरबत्तीही बंद केली आहे, हे वाचून तू उठून उभी राहशील, पण मी देवासमोर हात जोडून सांगून टाकलं आहे की बाबा, चार-पाच महिने फुलांवर भागव. त्याने काही हरकत घेतलेली नाही.

काल ती म्हणाली, "बाबा, रागावू नका, तुमचाही वास येतो."

"कसला?"

"म्हाताऱ्या माणसाचा."

"तो आता कुठे काढून ठेवू?"

इतकी हसली, की हसता हसता बादली ओढावी लागली. पण गोळी जाऊन बराच वेळ झाला होता, म्हणून काल मी जिंकलो.

एक वास मात्र तिला चालतो. तुझं ते जुनं निळं सुती लुगडं, ज्याची तू गोधडी करणार होतीस, ते ती नाकाशी घेऊन पडते. तुला सांगू नका म्हणाली होती. सांगितलं.

— काळुराम


२९ डिसेंबर २०२४, रविवार

सौ. कमळास,

पोपट आला होता, हे तुला माहीतच असेल, तूच पाठवलास. बरोबर अंगारा होता, काळा दोरा होता, आणि एक निरोप होता. दोरा-अंगाऱ्याला माझं काही म्हणणं नाही. निरोपाला आहे.

ओटीवर बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, "दाजी, पोरगी माहेरी पाठवा. त्यांचा आजार, त्यांनी निस्तरावा. ताईला तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

मी म्हटलं, "तिच्या बापाने लग्नाआधी याच ओटीवर बसून आजार सांगितला होता. लपवला नाही. तूही होतास. तेव्हाही चहाच पीत होतास."

"तेव्हा म्हणाले होते, लग्न झालं की जाईल."

"कोण म्हणाले होते?"

"सगळेच म्हणतात."

"मग त्या सगळ्यांना बोलव. बादली धुवायला माणसं कमी पडतात."

तेवढ्यात कल्पिता भिंत धरून बाहेर आली. केस विस्कटलेले, गाऊनवर शाल, गालांची हाडं वर आलेली. आधी वाकायला गेली, मीच नको म्हटलं. ती म्हणाली, "मामा, अंगारा लावा ना. कपाळाला लावा, दोराही बांधा. आईंनी पाठवलाय, मी नाही म्हणणार नाही. फक्त गोळी चालू राहील."

पोपट म्हणाला, "दोन्ही एकदम चालत नाही गं पोरी. श्रद्धा पूर्ण पाहिजे."

"देवाला गोळी चालत नाही?"

"तसं नाही..."

"मग विचारून या. मी थांबते."

मला हसू येत होतं पण मी मिशीत दाबलं. आणि मग, कमळा, आपल्या मितेशने छत सोडलं. इतके दिवस तो बायकोच्या बाजूने नाही, आईच्या बाजूने नाही, पंख्याच्या बाजूने होता. तो म्हणाला, "मामा, तुमची शुगरची गोळी घेतली का आज?"

पोपट म्हणाला, "सकाळीच."

"श्रद्धा पूर्ण नाही वाटतं."

पोपटाने चहा अर्धा टाकला. अंगारा मात्र लावून गेला, तेवढं त्याचं चांगलं. कल्पिताने तो पुसला नाही. दोराही हातात आहे. गोळीही चालू आहे.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर. पोरगी कुठेही जाणार नाही. तिची आई येते, दोन दिवस राहते, पुन्हा नोकरीला जाते, ठीक आहे. पण "त्यांचा आजार" हा शब्द मी या घरात पुन्हा ऐकणार नाही. आणायला वरात घेऊन गेलो होतो ना आपण? बेंजो लावून? तेव्हा ती आजारासकट आली. तू उंबऱ्यावर माप ठेवलंस, तिने आजारासकट ओलांडलं.

आणि गंगुबाईच्या दारात परवा भांडण झालं. कुणीतरी तिला म्हणालं, आकडीवालीच्या पायी आम्ही का मासळी सोडायची. गंगुबाईने जे उत्तर दिलं ते मी कागदावर लिहू शकत नाही. तुझी आठवण झाली एवढंच लिहितो.

— काळुराम


ठाणे, दवाखाना
११ जानेवारी २०२५, शनिवार

कमळे,

आज मायना नाही.

परवापासून पोर इथे भरती आहे. उलटीच्या गोळीचंही काही चालेना. पाणी आत जाईना, लघवी आटली, जीभ लाकडासारखी. आकडीची गोळी सकाळी पडली, डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, थांबू नका, निघा. आता सलाईनमधूनच सगळं देतात, आकडीचं औषधही. त्यामुळे तेवढी धास्ती उतरली. हात मात्र सुयांनी निळे झालेत. शीर सापडत नाही म्हणून नर्स हळूहळू थोपटते, आणि ती पोर नर्सलाच "सॉरी" म्हणते.

आज सकाळी मी एकटाच होतो. मितेश औषधं आणायला गेला होता. ती डोळे मिटून म्हणाली, "बाबा, मला नाही होणार हे."

मी तिच्या पायांवरची चादर नीट केली.

"सगळे म्हणतात बाळासाठी सहन कर. बाळासाठी खा. बाळासाठी गोळी सोड, बाळासाठी गोळी घे. माझं मला कुणी विचारतच नाही."

खरंच होतं ते. मीही गोळी गिळली की "बाळ खूश" म्हणायचो. मी तिचा हात धरला, जिथे सुई नव्हती तिथे, आणि म्हटलं, "हे बघ. मला नातू नको. नात नको. घराण्याचा दिवा नको, पणती नको. मला तू पाहिजेस. तू म्हणालीस पुरे, तर मी डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहीन, मितेशसमोर राहीन, आणि कळव्याला जाऊन तुझ्या सासूसमोरही राहीन. कुणी तुला एक शब्द बोलणार नाही."

ती बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मी दमले म्हणाले, बाबा. नको म्हणाले नाही. तुम्ही लगेच सभेत उभं राहिल्यासारखं बोलता."

मग म्हणाली, बर्फ आहे का. बर्फ दिला. टिकला.

तिने जे ठरवलं ते तिने ठरवलं. मी मात्र शब्द मागे घेतलेला नाही, आणि तुला तो लेखी कळवतो आहे. ही पोर आधी. बाकी सगळं, तू, मी, रीत, भावकी, येणारं पोरसुद्धा, तिच्या मागे रांगेत.

आणखी एक. दुपारी मी खिडकीत उभा होतो. खाली फाटकापाशी, नारळपाणीवाल्याच्या बाजूला, तुझी मोरपंखी शाल दिसली. कळव्याहून पूल ओलांडला की दवाखाना. तुला लांब नाही. तू वर बघत होतीस, पण चुकीच्या मजल्याकडे. बरीच उभी होतीस. मग गेलीस.

मी खाली आलो नाही. यायला हवं होतं असं तुला वाटत असेल तर वाटू दे. जिना दोन्ही बाजूंनी चढता येतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत.

— काळुराम


मानपाडा
६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

सौ. कमळास,

पोपटाच्या हाती तुझा निरोप आला. पाचवा महिना लागला, चोरचोळी करायची. सासूने हिरवा खण द्यायचा, ओटी भरायची, हा तुझा मान, आणि तू तो करायला येणार. वाचून, म्हणजे ऐकून, मला आनंद झाला. मग पोपटाने पुढचं सांगितलं. ओटी भरली की त्या दिवसापासून गोळ्या बंद, कारण आता पोट दिसायला लागलं, जीव घट्ट झाला, आता औषधाची गरज नाही.

मी रागाने तुला चार पानं लिहिली. त्यात तुझ्या माहेरच्या तीन पिढ्या आल्या होत्या. पाकीट चिकटवणार तेवढ्यात कल्पिताने मागितलं. पडल्या पडल्या सगळं वाचलं. मग पानं घडी करून उशीखाली घातली.

"बाबा, ओटी कुणाची भरायची आहे?"

"तुझी."

"मग उत्तर तुम्ही का देताय?"

मी पेनाला टोपण लावलं. मितेश पंख्याकडे बघून हसत होता.

म्हणून खाली जे आहे ते तिचं आहे. ती बोलली, मी उतरवलं. तिला बसून लिहिलं की गरगरतं. एक शब्द माझा नाही. एक घालायला गेलो होतो, तिने काढायला लावला.

"आई, दवाखान्यातून घरी येऊन बरेच दिवस झाले. आता सकाळी एकदाच उलटी होते, कधी दोनदा. वजन थोडं वाढलं. मोठी सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाल्या, आजपर्यंत जेवढं दिसतं तेवढं नीट आहे, पुढे पुन्हा बघू. मी त्यांना विचारलं, आता गोळी बंद करायची का, सासूबाई विचारतात. त्या नाही म्हणाल्या. रक्त तपासून उलट थोडी वाढवली. पोट वाढतं तशी ती कमी पडते म्हणाल्या. तेव्हा गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला चालू राहील. बाळ झाल्यावरही राहील. कदाचित नेहमी राहील.

तुम्ही भीतीने बोलता, हे मला कळतं. मलाही भीती वाटते. गोळी हातात घेतली की रोज वाटते. मी घाबरून घेते, पण घेते. तुम्हाला वाटत असेल बाबांनी मला शिकवलंय. बाबांनी फक्त कुरमुरे दिलेत.

हिरवा खण आणा. मी ओटी भरून घेईन. रीत म्हणून नाही, तुम्ही भरावी असं मला वाटतं म्हणून. मी मोरीपाशी पडले त्याचं मला काही आठवत नाही. पण मितेश म्हणतात, रिक्षा येईपर्यंत तुम्ही माझे पाय चोळत होतात नि माझं नाव घेऊन ओरडत होतात. 'सूनबाई' नाही, 'कल्पे' म्हणत होतात. शुद्धीवर असताना तुम्ही मला तसं कधी म्हटलं नाही.

आलात तर बरं वाटेल. अट घालून येणार असाल तर नका येऊ."

हे तिचं संपलं. शेवटचं वाक्य जरा मऊ करू का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. इतके दिवस या घरात सगळ्यात मोठा आवाज माझा आहे असं मला वाटत होतं.

आता माझं. रविवारी ये, सोमवारी ये, कधीही ये. पण दार मी उघडणार नाही, मितेशही उघडणार नाही. तसं ठरलं आहे. कडी वाजली की ती उठेल. उठताना तिला थांबावं लागतं, मग भिंत धरून येते, मध्ये एकदा टेकते. वेळ लागेल. तू घाई करू नकोस. बाहेर उभी राहा.

— काळुराम